बोलक्या भिंतींतलं शिसं

शाळा उघडायच्या तोंडावर सांगलीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘रंगातलं शिसं कायद्यानं कधीच बंद झालंय. मुलं काय भिंत चाटतात का? आम्हीही पोपडे काढतच मोठे झालो. काळजी वाटलीच तर गूळ द्या, शिसं निघून जातं.’ माझी लेक बालवाडीत आहे. या मेसेजवर विसंबून कुणी निर्धास्त होऊ नये, म्हणून लिहितेय.

कायदा आहे, हे खरं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं नको, हा नियम 2016 मध्ये निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण तो नव्या डब्याला. त्याआधी मारलेले रंगाचे हात भिंतीवर तसेच आहेत, एकावर एक. वर्गात कमरेएवढा पट्टा ऑइल पेंटचा असतो, कारण तो पुसता येतो. बोलक्या भिंतींवरची अक्षरं, फळं, पक्षीही बहुतेक त्यातच. पिवळा, केशरी रंग भडक यावा म्हणून पूर्वी त्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचंच एक संयुग, सर्रास असे. हळदीला खोटा पिवळेपणा आणायला भेसळ होते तीही याचीच, हे आपल्या हळदीच्या पेठेला वेगळं सांगायला नको. औद्योगिक रंगांना तर हा नियम लागूच नाही, आणि घसरगुंडीला, खिडकीच्या गजांना कुठला डबा वापरला हे कोण विचारतं?

त्यात आपली कृष्णा. 2005, 2019, 2021 च्या पुरांत पाणी शिरलेल्या खोल्यांच्या भिंती ओल धरतात आणि रंग सुटतो. मग मे महिन्यात रंगारी कोरडा घासकागद मारतो. जुने सगळे हात पिठासारखे होऊन खिडकीच्या कट्ट्यावर, फरशीच्या फटींत, सतरंजीत बसतात.

म्हणून भिंत चाटायची गरजच नाही. तीन वर्षांचं पोर त्या सतरंजीवर लोळतं, तेच हात तोंडात घालतं, त्याच हातांनी खाऊ खातं. आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. वास येत नाही म्हणून रंग चांगला, असंही एकानं खाली लिहिलंय. वास थिनरचा असतो, शिशाला वास नाही.

‘आम्हाला काही झालं नाही’ हे कशावरून? थोड्या शिशानं ना ताप येतो ना उलटी. बुद्धी आणि एकाग्रता मात्र कमी होते, आणि ती किती झाली असती याचा ताळा कुणाकडेच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित ठरलेली नाही.

गुळाचं थोडक्यात. लोह आणि कॅल्शियम कमी पडलेलं मूल शिसं जास्त शोषतं, तेव्हा पोटभर चांगलं खाणं हवंच. पण हाडांत बसलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं, गुळानं ते निघत नाही.

आपल्या बालवाडीत एवढं मागून घ्या: खरवडायचं ते भिंत भिजवून आणि मुलं नसताना. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं सगळं पुसायचं, सतरंज्या धुवायच्या. खाऊआधी साबणानं हात. आणि रंगाऱ्याला चांगला मास्क द्या, कपडे बदलायला जागा द्या. संध्याकाळी तोही त्याच धुळीच्या कपड्यांत आपलं लेकरू उचलून घेतो.