'स्लेन': कोणी मारलं, हे न सांगणारा शब्द

इंग्रजी बातमी मराठीत आणताना 'स्लेन' (slain, म्हणजे मारला गेलेला) हा शब्द दिसला की माझा हात थांबतो. 'स्लेन जर्नालिस्ट', 'स्लेन लीडर'. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूसही तो फारसा वापरत नाही. ओळखीतल्या कोणाचा खून झाला तर तो 'मर्डर्ड' म्हणेल, 'किल्ड' म्हणेल. 'स्लेन' उरलाय तो बायबलच्या जुन्या भाषांतरांत, राक्षस मारणाऱ्या वीरांच्या गोष्टींत आणि बातम्यांच्या मथळ्यांत. (तरुण मुलं 'स्ले' म्हणतात ते कौतुकानं, ते वेगळं.) 'स्लेन' हे रूप 'स्ले' या क्रियापदाचं, आणि मुळात जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ नुसता 'प्रहार करणं' होता. स्लेजहॅमरमधला 'स्लेज' त्याच घराण्यातला.

मथळ्यात त्याची सोय उघड आहे. 'असॅसिनेटेड'ला (मोठ्या व्यक्तीची हत्या झाली की वापरतात तो शब्द) इंग्रजीत १२ अक्षरं लागतात, 'स्लेन'ला ५. शिवाय 'मर्डर' म्हटलं की कायदा आला, सिद्ध करणं आलं. 'स्लेन'ला ती अडचण नाही, आणि 'डेड'पेक्षा तो जास्त सांगतो: मरण आपसूक आलेलं नाही, कोणीतरी जीव घेतलाय.

'न्यूयॉर्क टाइम्स'च्या २३ नोव्हेंबर १९६३ च्या अंकात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या मथळ्यातच 'किल्ड बाय स्नायपर' होतं, म्हणजे लपून गोळी झाडणाऱ्यानं मारलं. ५ एप्रिल १९६८ ला कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासाठी त्याच पत्रानं 'इज स्लेन इन मेम्फिस' लिहिलं. त्या दिवशी तो शब्द मला चोख वाटतो. मारेकरी हाती लागला नव्हता. जेम्स अर्ल रे पकडला गेला जूनमध्ये, लंडनच्या विमानतळावर. संशयित गोरा आहे, एवढं मात्र त्याच मथळ्यात पुढे होतं. जेवढं ठाऊक तेवढं छापलं.

माझा राग आहे तो पुढच्या वापरावर. खटला संपतो, शिक्षा होते, तरी वर्षानुवर्षं त्या माणसाच्या नावामागे 'स्लेन' चिकटलेलंच. मारणारा वाक्यातून कायमचा सुटतो. आणि मेलेल्या माणसानं आयुष्यभर जे केलं, त्याच्या आधी त्याचं मरण वाचावं लागतं.

रोजच्या मराठीत असं एका शब्दाचं विशेषण नाही, आणि मला त्याचं बरंच वाटतं. 'दिवंगत'मध्ये खून दिसत नाही. 'ठार' अपघातालाही चालतो, 'स्लेन' कधीच नाही. म्हणून 'ठार झालेले पत्रकार' असं भाषांतर वाचलं की मला वेदना होतात. जणू ट्रकखाली आले! 'कंठस्नान घातलं' म्हणणारा मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो, 'हुतात्मा' म्हणणारा मरणाऱ्याच्या. उरतं 'हत्या झाली', आणि ते वाचलं की वाचक लगेच विचारतो, कोणी केली?

म्हणून मी 'हत्या झाली' लिहिते आणि पुढच्याच वाक्यात मारणाऱ्याचं नाव. तपास चालू असेल तर तसं. मथळा लांबतो, डेस्कवर कुरकुर होते, पण दुसरी ओळ मिळेपर्यंत मी जागची हलत नाही.