दात तुटलेले चाक

आज यंत्रमागधारकांच्या एका बैठकीत बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितले की, तंत्रज्ञान पाण्यासारखे असते, ते वरून खाली आपोआप झिरपते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भावाचा एक एअरजेट माग, म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारा माग, अकरा दिवसांपासून बंद आहे, त्यामुळे माझे हात काही उचलले गेले नाहीत.

निदान इचलकरंजीकरांनी तरी या वाक्याला टाळ्या वाजवायला नको होत्या. कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीचा पाया १८५४ साली घातला आणि आपल्याकडे विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. म्हणजे सह्याद्री ओलांडायला या पाण्याला पन्नास वर्षे लागली! तेही आपोआप आले नाही. दातारांची धडपड होती आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे पाठबळ होते, म्हणून इथे मागांचा खडखडाट सुरू झाला.

गिरणी संपानंतरच्या दिवसांत बाबांनी मुंबईहून मोडीत निघालेले चार साधे माग आणले. दुसऱ्याच महिन्यात एका मागाच्या चाकाचा दात तुटला. आमच्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, ते चाक पिशवीत घातले, एसटीने कोल्हापूर गाठले आणि उद्यमनगरातल्या एका फौंड्रीतून तसेच दुसरे ओतून आणले. तिसऱ्या दिवशी माग चालू झाला. माझ्या लेखी तंत्रज्ञान आमच्या घरी आले ते त्या तिसऱ्या दिवशी. त्याआधी आले होते ते नुसते लोखंड.

ज्या भागात यंत्र उघडणारे, समजून घेणारे आणि त्याचा सुटा भाग घडवणारे हात असतात, तोच भाग पुढे जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. तरीही १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर इथल्याच माणसांच्या हातांनी घडू लागला.

आता भावाच्या मागाचे पाहा. त्याचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले आहे. ते उघडायची इथे कुणाला परवानगी नाही आणि परवानगी मिळाली तरी विद्या नाही. तंत्रज्ञ येणार, येणार म्हणून रोज फोनवर ऐकायचे आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरायचा. अनुदान देणाऱ्यांनी यंत्रांची संख्या मोजली, दुरुस्ती करणाऱ्यांची मोजली नाही. संताप येतो तो याचा.

मान्य आहे, साध्या मागावर मिनिटाला दीडशेच्या आसपास पिके, म्हणजे आडवे धागे, पडतात, तर एअरजेटवर सहाशेच्या वर, आणि कापडही सरस निघते. भंगारात चाललेल्या जुन्या मागांसाठी गळा काढण्यात अर्थ नाही, हेही खरे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण बाबांची आठवण झाली. ते आता थकले आहेत, शेडकडे फिरकत नाहीत, पण माग बंद असल्याचे त्यांना आवाजावरून कळते. काल रात्री जेवताना त्यांनी भावाला विचारले, "अरे, ते कार्ड पिशवीत घालून उद्यमनगरात नेलंस का?"