मनमाडला उतरायचं कशाला?

तुमच्या कंपनीचा खासगी क्लाउड चार वर्षं विनातक्रार चालतोय? मग त्याचं काहीतरी बिघडलंय हे नक्की. अपग्रेड करायलाच हवं. आणि अपग्रेड म्हटलं की पहिलं काम तारखेचं. क्लाउड चालवणाऱ्या ओपनस्टॅकची कुठली आवृत्ती खालच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कुठल्या आवृत्तीवर चालते, ही चौकशी रिकामटेकड्यांची. आपण आधी पंचांग काढायचं. शुक्रवारची रात्र घ्यावी, अमावस्या टाळावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साहेब तिरुपतीला निघणार असतील तर दुधात साखर.

आवृत्ती निवडावी नावावरून. ओपनस्टॅकवाले दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळीनं तिचं बारसं करतात. २०१० मध्ये ऑस्टिनपासून सुरुवात झाली, झेडला अक्षरं संपली, मग पुन्हा पहिल्यापासून: अँटिलोप, बॉबकॅट, कॅराकल. आता 'सी' अक्षर 'वाय'च्या आधी येतं, म्हणजे कॅराकल पहिल्या फेरीतल्या योगापेक्षा जुनं, हे शाळकरी पोरगंही सांगेल. आमच्या खरेदी समितीनं अगदी असंच ठरवलं होतं आणि ठराव एकमतानं पास झाला. मीही हात वर केला. चहा आला होता.

खालची ऑपरेटिंग सिस्टीम मात्र दीर्घ मुदतीचीच घ्या. मुदतीवर पूर्ण भरवसा ठेवा. आमची आधीची ऑपरेटिंग सिस्टीम सेंटओएस ८, तिला २०२९ पर्यंत सांभाळायचा शब्द होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. पाडव्याला ठेवलेला सालगडी पोळ्याआधीच गाठोडं बांधून निघाला. त्यानंतर आम्ही उबुंटूवर आलो, आणि नव्या सालगड्यावर जुन्याइतकाच भरवसा ठेवला.

एक तक्ता असतो. तो उघडू नका, पण कुणी जबरदस्तीनं दाखवलाच तर त्यात असं दिसेल: उबुंटू १८.०४ वर ओपनस्टॅकच्या क्वीन्सपासून उस्सुरीपर्यंत, २०.०४ वर उस्सुरीपासून योगापर्यंत, २२.०४ वर योगापासून कॅराकलपर्यंत, आणि २४.०४ ची सुरुवात कॅराकलपासून. दर वेळी एक नाव दोन्हीकडे सापडतं.

ज्यांनी आपल्याकडची मीटरगेज पाहिलीय त्यांना हे सांगायला नको. परभणी-जालन्याकडून आलेली गाडी मनमाडला संपायची. पुढं मुंबईचे रूळ पाच फूट सहा इंचांचे. मग ट्रंक हमालाच्या डोक्यावर, लेकरू कडेवर, दशम्यांचं गाठोडं काखेत, आणि सगळं बिऱ्हाड पलीकडच्या गाडीकडं. १९९० च्या दशकात गेज बदललं तेव्हा कुठं ही दगदग थांबली. योगा म्हणजे तसलं मनमाड. दोन्ही गेजच्या गाड्या उभ्या राहतात ते स्टेशन. तक्ता म्हणतो, २०.०४ वर बसूनच ओपनस्टॅक पुढं न्या: उस्सुरी, व्हिक्टोरिया, वॉलबी, झेना, योगा. योगाला पोचलात की ओपनस्टॅकला हात न लावता खालचं उबुंटू तेवढं २२.०४ करा. मग पुढचं तिकीट काढा.

इतक्या वेळा चढ-उतार करायला आपण काय वारीला निघालोय? मनमाडला उतरूच नका. डब्यातच पाय पसरून बसा, रूळ आपोआप रुंद होतील.

आम्ही बसलो ना. रॅकपुढं नारळ फोडला, पाणी यूपीएसवर उडणार नाही इतकी सावधगिरी घेतली, अगरबत्ती लावली. उस्सुरी असलेल्या कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्या क्लाउडचा कारभार बघणाऱ्या सर्व्हरवर, थेट २२.०४ चं अपग्रेड सोडलं. एका दगडात दोन पक्षी, कारण २२.०४ नं स्वतःबरोबर योगाही आणलं. मधली तीन स्टेशनं कधी गेली कळलंसुद्धा नाही. कंप्युट सर्व्हर, म्हणजे ज्यांवर आभासी संगणक (व्हर्च्युअल मशिनी) चालतात ते, अजून उस्सुरीवरच होते, पण ते उद्या बघू म्हटलं.

दीड वाजता आमचा ज्युनिअर म्हणाला, "सर, नोव्हा उठंना."

"रीस्टार्ट मार की."

"तीनदा मारलो. झेनापेक्षा जुनं कंप्युट चालत नाही म्हणायलंय."

"मग त्याला सांग, आपलं चालतं म्हणून."

पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. नोव्हा म्हणजे ओपनस्टॅकची व्हर्च्युअल मशिनी सांभाळणारी सेवा. वॉलबीपासून ती सुरू होतानाच कंप्युटचं वय तपासते आणि फार जुनं दिसलं की उठतच नाही. हे आवृत्तीसोबतच्या टिपणात लिहिलेलं असतं. ते टिपण आम्ही पावणेदोनला वाचलं. बैल गेला अन् झोपा केला, पण झोपा पक्का केला, एवढं समाधान.

गंमत म्हणजे आधीच्या व्हर्च्युअल मशिनी चालूच होत्या. नवी काढता येईना, बंद पडलेली उठवता येईना, पण होत्या त्या गुमान कामं करत होत्या. आभाळ भरून आलेलं, थेंब मात्र नाही. मराठवाड्याला असल्या क्लाउडचं नवल ते काय!

मागं फिरायचाही विचार केला. डेटाबेसचा ढाचा एकदा पुढं गेला की ओपनस्टॅक त्याला उलटा आणत नाही. आधी काढून ठेवलेली प्रत परत चढवायची, एवढाच रस्ता. प्रत होती. फक्त ती अपग्रेड झाल्यावर काढलेली निघाली, कारण नारळाच्या गडबडीत क्रम चुकला. मग पहाटेपर्यंत कंप्युटही एकेक करून ओढत योगाला आणले. साहेबांना मेसेज गेला, "काम प्रगतीपथावर आहे." त्यांनी बालाजीचा फोटो पाठवला.

आता उड्यांविषयी. अँटिलोपवर असाल तर बॉबकॅट गाळून सरळ कॅराकलला जायची अधिकृत सोय आहे. ती वापरू नका. परवानगीच्या उडीत कसली आलीय मर्दुमकी? आणि चाचणीसाठी वेगळे सर्व्हर मागायला तर जाऊच नका, तेवढ्या पैशात साहेबांच्या केबिनला नवा एसी बसतो. बसलाय. छान गार असतं तिथं.

परवा त्याच गारव्यात बोलावणं आलं. "२४.०४ येऊन लई दिवस झाले म्हणं. आपण अजून मागंच?"

मी म्हटलं, "साहेब, मधी कॅराकलला थांबावं लागतं. आधी ओपनस्टॅक तिथपर्यंत न्यायचं, मग उबुंटू. दोन-तीन महिने लागतील."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "दसरा कोणत्या वारी येतोय?"