साहेब बदलले की माझी सोय का बदलते?

माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे. अंधेरीतल्या एका कंपनीत 11 वर्षं अकाउंट्स सांभाळते.

आधीचे साहेब मनाने फार चांगले. मी न मागता त्यांनी मला भिंतीला पाठ करून बसायची जागा दिली, म्हणजे मागून हाक मारून कुणी निघून जाणार नाही. मीटिंगमध्ये माझ्याकडे तोंड करून बोलायचे, ठरलेलं सगळं संध्याकाळी मेलवर टाकायचे. ते निवृत्त झाले आणि आठवड्याभरात माझं टेबल एसीखाली गेलं.

कानाचं मशीन चष्म्यासारखं नसतं हो. ते सगळंच मोठं करतं. एसीची घरघर, खुर्च्यांची सरकासरक, आणि त्यातून शब्द वेचायचे. दोन तास ओठ वाचले की डोकं भणभणतं. एकदा फोनवर सांगितलेलं 'एकोणसाठ' मी 'एकोणसत्तर' ऐकलं आणि व्हाउचर दहा हजारांनी चुकलं. सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, "ऐकू येत नाही तर सांगायचं ना!" मी सांगितलं होतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री कायदा वाचायला बसले. दिव्यांग म्हटलं की लोकांना सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण तेवढं माहीत असतं. पण 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 21 खाजगी कंपन्यांनाही लागू आहे. समान संधी धोरण जाहीर करावंच लागतं. 20 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर सहाय्यक साधनं, अडथळा नसलेली जागा, संपर्क अधिकारी, सगळं त्यात यायला हवं. आणि ते वेबसाइटवर, नाहीतर ऑफिसात दर्शनी भागात लावायचं. आमच्याकडे धोरण होतं. एचआरच्या कुठल्याशा फोल्डरमध्ये.

मग मी लेखी अर्ज दिला. जागा, मीटिंगची टिपणं, व्हिडिओ कॉलला कॅप्शन, आकडे फोनवर न सांगता मेलवर. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. नवे साहेब वाईट नाहीत, "मला हे माहीतच नव्हतं" म्हणाले आणि सही केली. पण अकरा वर्षं मी एका माणसाच्या चांगुलपणावर नोकरी केली, याचा मला आजही राग येतो. लोकलच्या दिव्यांग डब्यात "तुम्हाला काय झालंय?" म्हणून पर्समधून सर्टिफिकेट काढायला लावतात, प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा मला लोक धावायला लागल्यावरच कळते. एवढं पार करून ऑफिसला पोचल्यावर तिथे तरी रोज नव्याने विनवणी करावी लागू नये.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे कुबड्या वापरणारा एक मुलगा रुजू होतोय. वॉशरूमला एक उंच पायरी आहे. तिथे उतार करून घ्यावा, असा मेल मी कालच पाठवला, धोरणाची प्रत जोडून.