थोमाचे पुस्तक उघडल्याने विश्वास बुडत नाही

आज सकाळी आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एका तरुणाने थोमाच्या शुभवर्तमानाविषयी, म्हणजे बायबलमध्ये न घेतलेल्या एका प्राचीन ख्रिस्ती पुस्तकाविषयी, साधा प्रश्न विचारला आणि एका ज्येष्ठ सभासदांनी ‘हे सैतानाचे साहित्य आहे, इथे नको’ असे बजावून त्याला गप्प केले. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मला त्या रांगेचा राग अधिक आला, कारण त्यांतील एकानेही ते पुस्तक उघडलेले नाही, हे मी पैजेवर सांगते.

माझ्या बाबांनी उघडले होते. निवृत्तीनंतर त्यांनी इंग्रजी भाषांतराची झेरॉक्स मिळवली आणि येशूच्या तोंडी घातलेल्या त्या ११४ वचनांपुढे ते पेन्सिलीने बायबलमधले संदर्भ लिहीत गेले. मोहरीच्या दाण्यापुढे मत्तय १३, पेरणाऱ्यापुढे मार्क ४, आणि जिथे जोड सापडली नाही तिथे समासात नुसती आडवी रेघ. त्या काळात रविवारची उपासना त्यांनी चुकवली नाही.

आता दुसऱ्या बाजूचे शहाणे. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना रांजणात कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेतल्या पोथ्या सापडल्या, थोमाचे पुस्तकही त्यांतच होते, म्हणजे चर्चने दडवलेले खरे ख्रिस्ती सत्य बाहेर आले, असे व्हिडिओ मला दर नाताळात येतात. अहो, इ. स. १८०च्या सुमारास आयरेनियस या बिशपने अशा पोथ्यांत दिसणाऱ्या गूढज्ञानवादी विचारांविरुद्ध पाच खंड लिहिले आणि त्या पंथीयांची मते तपशिलाने मांडून खोडली; दडवायचेच असते तर एवढा खटाटोप कोण करील? ३६७ साली इजिप्तमधल्या अथनेशियस या बिशपने नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची यादी देऊन बाकीची दूर ठेवायला सांगितले, आणि पोथ्या त्यानंतरच पुरल्या गेल्या असाव्यात असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे, हे मला मान्य करावे लागते. पण आज त्याच पोथ्या कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत आणि १९७७पासून त्यांचे भाषांतर कुणालाही विकत मिळते. वाचत मात्र कोणीच नाही. ना घाबरणारे, ना नाचणारे.

वाचले असते तर १०७वे वचन दिसले असते. त्यात हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे, पण हरवते ते शंभरांतले सर्वांत मोठे मेंढरू, आणि ते सापडल्यावर मेंढपाळ त्याला म्हणतो की नव्याण्णवांपेक्षा माझे तुझ्यावर अधिक प्रेम आहे. इथे बाबांनी रेघ मारली नाही. त्यांनी लूक १५ असे लिहून त्यापुढे दोन उद्गारचिन्हे काढली आणि जेवताना आईला म्हणाले, ‘मोठे होते म्हणून शोधायला गेला, तर तो माझा मेंढपाळ नव्हे.’ कोणत्याही एका हरवलेल्या मेंढरासाठी निघणाऱ्या लूकच्या मेंढपाळाचे मोठेपण मला प्रवचनांपेक्षा त्या जेवणात अधिक कळले. मनाई केली असती तर हे कुठून कळले असते?

शेवटचे वचन तर त्या व्हिडिओवाल्यांनी जरूर वाचावे. पेत्र म्हणतो, मरीयेला आपल्यातून जाऊ द्या, स्त्रिया जीवनास योग्य नाहीत. आणि येशूचे उत्तर असे की मी तिला पुरुष करीन. स्त्रियांना मान देणारे हेच का ते दडवलेले शुभवर्तमान? आपल्या योहान २०मध्ये मग्दालीया मरीया जशी आहे तशीच पुनरुत्थित प्रभूला प्रथम भेटते आणि शिष्यांना निरोप सांगायला पाठवली जाते.

त्या ज्येष्ठांविषयी मी फार कठोर लिहिले असेन. नव्याने विश्वासात आलेल्याचा गोंधळ उडू शकतो ही त्यांची काळजी खोटी नाही, आणि अर्ध्या रात्री आजाऱ्याच्या उशाशी जाऊन प्रार्थना करणारे तेच असतात. पण सर्व गोष्टींची पारख करा असे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले, त्या मंडळीतही नवखेच होते. म्हणून पाळकसाहेबांना माझी जाहीर विनंती आहे की पुढच्या शास्त्राभ्यासात लूक १५ आणि थोमाचे ते वचन शेजारी शेजारी ठेवून वाचू द्यावे. झेरॉक्स मी आणीन, आणि त्या मुलाला निरोपही मीच देईन.