सेन्सर, स्टूल आणि हजार ग्रे

अवकाशात जाणारा, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटिक सेन्सर रेडिएशनमध्ये तगतो का ते तपासायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी घरी जाम भाव खाल्ला होता. प्रत्यक्षात ते काम म्हणजे एका हाताने पॅन्ट धरून रात्रभर जागणं, कारण बेल्टचं बक्कल लोखंडी. चाव्या, मोबाईल, बेल्ट सगळं बाहेर ट्रेमध्ये, देवळात पण एवढं काढत नाही आपण.

टार्गेट हजार ग्रे, ग्रे म्हणजे वस्तूत किती रेडिएशन मुरलं त्याचं माप. माणसाला चार-पाच ग्रे पुरतात वर जायला. गॅमा किरणं सोडणारा कोबाल्ट-60 दर सव्वापाच वर्षांनी अर्धा होतो आणि आमच्या वाट्याचा तर रिटायरमेंटलाच आलेला, तासाला 50 ग्रे कसेबसे देणार, म्हणजे 100 ग्रेचा एक राऊंड दोन तास, मग सेन्सर बाहेर काढून रीडिंग, परत आत, असे दहा राऊंड. आईचा संध्याकाळी फोन, घरी आल्यावर आधी आंघोळ कर. म्हटलं अगं गॅमाने वस्तू रेडिओॲक्टिव्ह होत नाही, हापूस अमेरिकेला जातो तो 400 ग्रे खाऊनच जातो. तर म्हणे, आंबा आंबा आहे, तू तू आहेस.

रात्री दीडला सातवा राऊंड संपला आणि रीडिंग एकदम 300 नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्राचं माप) उडालं. मी खूश! सेन्सरमधली निकेल-लोखंडाची पट्टी तशी दगड असते, तिला गॅमाने ढिम्म फरक पडत नाही, बिघडते ती सोबतची चिप, ऑक्साइडमध्ये चार्ज अडकून बसतो आणि ऑफसेट, म्हणजे रीडिंगचा शून्यच सरकतो. सापडली चिप! सरांना तीन पानी मेल पण टाकला.

मग मागून आवाज आला, "सायेब, आमच्या लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हून देत्यात तेच का हे?"

वॉचमन मामा. टेबलाला खेटून, लोखंडी स्टुलावर. मामा उठले तरी रीडिंग तिथंच, स्टूल बाजूला केलं तर परत जागेवर.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 यानावर असाच सेन्सर, मॅग्नेटोमीटर, 6 मीटरच्या दांडीवर बसवलाय तो यासाठीच, यानाचं स्वतःचं लोखंड नडू नये म्हणून. मामांना म्हटलं स्टूल सहा मीटर लांब न्या. त्यांनी मोजून पावलं टाकली, स्टूल संडासाच्या दारात ठेवलं आणि तिथूनच ओरडले, "हितं चालंल का? मंग आता तुमाला आत जायचं आसंल तर आधी सांगा."