लेओगानच्या ताई आणि आपल्या ब्युरोच्या बाई

लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये एक ठराव केला होता. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती आईवडिलांना द्यायची. तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. आजही नात्यात कुणाच्या आईला वृद्धाश्रमात ठेवलं की तोच वाद नव्याने पेटतो. मुलाने करायचं की सुनेने, परदेशी गेलेल्यांनी परत यायचं की नाही, पैसे पाठवले म्हणजे कर्तव्य संपतं का. मी अमेरिकेत राहते, त्यामुळे यातलं निम्मं बोलणं माझ्याकडे बघून असतं. त्याचा मला राग येत नाही, कारण प्रश्न खरा आहे. पण या सगळ्या वादात एक माणूस कुठेच नसतं. जी प्रत्यक्ष आजीला उठवते, न्हाऊ घालते, डायपर बदलते, रात्री तीनला पाणी पाजते, ती बाई.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे अशीच एक बाई मागच्या महिन्यात वारली.

त्या कॅरिबियनमधल्या हैती देशातल्या, लेओगान गावच्या. मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्याचा अर्थ कळल्यापासून त्याही मला ताईच म्हणायच्या. तिकडे नर्सचं शिक्षण झालेलं होतं, पण बोस्टनला आल्यावर ते इथे धरलं गेलं नाही. नर्सिंग असिस्टंट व्हायला अमेरिकेच्या केंद्रीय नियमाप्रमाणे निदान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. ते पूर्ण करून त्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवून सांभाळणाऱ्या इथल्या संस्थेत, लागल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. बोस्टनच्या आसपास कुठल्याही नर्सिंग होममध्ये गेलात तर पॅसेजमध्ये हैतीची क्रेओल भाषा कानावर पडते. इथल्या म्हाताऱ्यांचं करणाऱ्यांत हैतीच्या बायका फार मोठ्या संख्येने आहेत.

शनिवार-रविवार त्या आमच्याकडे यायच्या, सासूबाईंसाठी. सासूबाईंना विस्मरण झालं होतं, इंग्रजी पुसून गेलं होतं, आणि अंगाला कुणी हात लावला की त्या ओरडायच्या. पहिल्या दिवशी ताईंनी त्यांना आंघोळीचं नावही काढलं नाही. शेजारी बसून राहिल्या. मग पिशवीतून एरंडेलाची बाटली काढली. हैतीत एरंडेल घरोघरी असतं, केसांना आणि सांध्यांना लावतात. थोडं तेल तळव्यांवर चोळून कोमट केलं, सासूबाईंना नुसतं हुंगायला दिलं, आणि त्यांनी स्वतःहून डोकं पुढे केलं तेव्हा कुठे केसांना हात लावला. एक सैलसर वेणी घातली. "पोरी, गच्च घाल," असं सासूबाई मराठीत म्हणाल्या. भाषा कळायची गरज पडली नाही, त्यांनी वेणी सोडून परत घट्ट घातली. त्यानंतर ओरडणं थांबलं. हे प्रेम होतंच, पण ते कसबही होतं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांना कामातून आलेलं शहाणपण होतं. आपण अशा कामाला 'काय, नुसतं बसायचं तर असतं' म्हणतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपाचं केंद्र लेओगानजवळच होतं. त्यांचं घर पडलं, आई वाचली. अमेरिकेने हैतीच्या लोकांना तात्पुरतं संरक्षण दिलं, म्हणून त्या इथे राहू आणि काम करू शकल्या. पण ते संरक्षण कायम टांगणीलाच राहिलं. २०१७ मध्ये ते संपवायची घोषणा झाली, प्रकरण कोर्टात गेलं, २०२१ मध्ये ते पुन्हा मिळालं, २०२५ मध्ये परत संपवायची घोषणा आणि परत कोर्ट. २०२० च्या वसंतात कोविडने मॅसॅच्युसेट्समध्ये जे लोक गेले त्यांतले निम्म्याहून जास्त नर्सिंग होमसारख्या संस्थांमधले होते, आणि ताई रोज तिथे कामाला जात होत्या. ज्या देशाचे म्हातारे त्यांनी त्या दिवसांत सांभाळले, त्या देशाने त्यांना 'राहा' असं कधी नीट सांगितलं नाही. इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणूच शकत नाही.

त्यांची आई गेली तेव्हा त्या जाऊ शकल्या नाहीत. या संरक्षणावर देशाबाहेर जायला आधी परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी परत आत घेतीलच याची खात्री नसते. अंत्यविधी फोनवर पाहिला.

पण आई होती तोवर लेओगानमध्ये तिच्यासाठी त्यांनी एक बाई ठेवली होती. रविवारी आमच्याकडे आल्या की स्वयंपाकघरातून फोन लावायच्या. आधी त्या बाईची चौकशी करायच्या, जेवलीस का, झोप झाली का, मुलाची फी भरलीस का. मग आईला फोन द्यायला सांगायच्या. हा क्रम कधी चुकला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ती उपाशी असेल तर माझ्या आईला भरवणार कशी?

माझ्या आईकडे पुण्यात ब्युरोच्या, म्हणजे सांभाळायला बायका पुरवणाऱ्या संस्थेच्या, बाई आहेत, बारा तासांची पाळी. आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, तो मुलांवर आईवडिलांची जबाबदारी टाकतो. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, तो नोंदणीचा आणि मदतीच्या योजनांचा, साप्ताहिक सुट्टीबद्दल तो काही बोलत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १ एप्रिल २०१५ पासून घरकाम करणाऱ्याला आठवड्याला ४० तास किंवा जास्त काम असेल तर दर आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी देणं बंधनकारक आहे. आमच्या घरी येताना ताईंनी स्वतःच्या सुट्टीचं पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं: नर्सिंग होम आणि तुम्ही धरून माझी सुट्टी उरत नाही, तेव्हा महिन्यातला एक रविवार माझा. आम्ही तो दिला. त्या दिवशी सासूबाईंचं मी आणि नवरा मिळून करायचो, आणि संध्याकाळपर्यंत दोघांचीही पाठ धरलेली असायची.

मी भावाशी बोलले. पुण्यातल्या बाईंना आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि आजारपणाचे दिवस द्यायला हवेत. त्याचं म्हणणं, ब्युरो ऐकणार नाही आणि त्या दिवशी आईजवळ कोण थांबणार? त्याची अडचण खोटी नाही, तो तिथे रोज राबतो. माझं म्हणणं एवढंच की त्या दिवसासाठी दुसरी बाई लावायची आणि तिचे पैसे, ब्युरोच्या वाढीव दरासकट, आम्ही परदेशातल्यांनी भरायचे. एवढं आम्हाला नक्की परवडतं.